श्वानांच्या गुदग्रंथींचे विकार आणि अल्प खर्चातील काळजी

गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेल्या परभणी जिल्ह्यात कुत्रा हा शेतकरी कुटुंबाचा जुना सोबती आहे. रानडुकरांची चाहूल लागताच मालकाला जागे करणारा, रात्री गोठ्याची राखण करणारा, मेंढपाळाच्या कळपामागे मैलोगणती चालणारा हा प्राणी घरच्या भाकरीतुकड्यावरच वाढत आला. अलीकडच्या काळात परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेड यांसारख्या गावांतून नोकरदार आणि व्यापारी कुटुंबांच्या घरीही पॉमेरेनियन, लॅब्रेडॉर, पग या जातींची कुत्री दिसू लागली आहेत. हौसेने आणलेल्या या मुक्या जिवाच्या आरोग्याविषयीची माहिती मात्र त्याच प्रमाणात घरोघरी पोहोचलेली नाही. गुदग्रंथींचा विकार हे त्याचे एक बोलके उदाहरण होय. विकार तसा सामान्य आहे, वेळीच लक्ष दिल्यास त्यावर फारसा खर्चही येत नाही. पण संकोचामुळे त्याविषयी कोणी बोलत नाही आणि बोलायची वेळ येते तेव्हा गळू फुटलेले असते.

आरंभीचे लक्षण बहुतेकांच्या परिचयाचे आहे. कुत्रे पार्श्वभाग जमिनीवर टेकवते आणि पुढील पायांच्या आधाराने स्वतःला फरफटत नेते. घरातील मुले हसतात, वडीलधारी मंडळी 'जंत झाले' असा निर्वाळा देतात आणि औषधाच्या दुकानातून एखादी जंताची गोळी आणली जाते. दोन-चार दिवसांनी कुत्रे शेपटीखालचा भाग सतत चाटू लागते, बसताना दचकून उठते, शेपटीला हात लावू देत नाही. घरात सडक्या मासळीसारखी दुर्गंधी येते. अंथरुणावर, सतरंजीवर तपकिरी डाग पडतात. अशा वेळी कुत्र्याला घराबाहेर बांधले जाते आणि पुढे कधीतरी गावाबाहेर नेऊन सोडलेही जाते. ज्या दुखण्यावर काही दिवसांत इलाज झाला असता, त्यापायी कुत्रे बेवारस होते. भूक वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण सोडून देणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या अधिनियमानुसार गुन्हा आहे, याची जाणीवही फार थोड्यांना असते. पुढे त्याच मोकाट कुत्र्यांच्या तक्रारी ग्रामपंचायतीकडे येतात, हे पंचायत सदस्यांना वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

ग्रंथींची रचना व कार्य

कुत्र्याच्या गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना, त्वचेखाली, दोन लहान पिशव्या असतात. गुदद्वार हे घड्याळाच्या तबकडीचे केंद्र मानले तर त्यांची जागा चार आणि आठ या आकड्यांच्या ठिकाणी येते. लहान जातीच्या कुत्र्यात त्या साधारण वाटाण्याएवढ्या असतात. पिशवीच्या अस्तरातील ग्रंथींमधून पिवळसर तपकिरी, उग्र वासाचा स्राव पाझरतो व पिशवीत साठतो. एका अत्यंत बारीक नलिकेवाटे तो गुदद्वाराच्या कडेशी बाहेर पडतो. प्रत्येक कुत्र्याचा वास निराळा असतो. दोन कुत्री भेटली की प्रथम एकमेकांच्या शेपटीखाली हुंगतात, त्यामागील एक कारण हेच होय. ती त्यांची ओळख पटविण्याची रीत आहे. मांजर आणि मुंगूस यांनाही अशा ग्रंथी असतात. अमेरिकेतील स्कंक नावाचा प्राणी तर याच ग्रंथींतील स्रावाचा फवारा मारून शत्रूला पळवून लावतो.

या पिशव्या रिकाम्या करण्याची निसर्गाची व्यवस्था साधी आहे. घट्ट, बांधीव मळ बाहेर पडताना पिशव्यांवर दाब येतो आणि थोडा स्राव त्यासोबत निघून जातो. मळ सतत पातळ वा मऊ असेल तर हा दाब पडत नाही. स्राव साठून दाट होतो, नलिका तुंबते, जंतुसंसर्ग होतो, पिशवीत पू होतो आणि अखेरीस त्वचा फाटून तो बाहेर येतो. लठ्ठपणा, त्वचेची जुनाट खाज वा ॲलर्जी, तसेच काही कुत्र्यांत मुळातच अरुंद असलेली नलिका ही इतर कारणे आहेत. लहान जातींमध्ये हा त्रास अधिक आढळतो.

ताटातील बदल

खर्चाचा विचार करणाऱ्याने प्रथम औषधाच्या दुकानाकडे पाहू नये. कुत्र्याच्या ताटाकडे आणि त्याच्या मळाकडे पाहावे. शेतावरचे कुत्रे ज्वारीच्या भाकरीवर वाढते. ज्वारी कोंड्यासह दळली जात असल्याने भाकरीत तंतुमय भाग टिकून राहतो आणि दिवसभराच्या फिरण्याने आतड्यांची हालचाल चांगली राहते. शहरातील कुत्र्याच्या वाट्याला दूध, पाव, बिस्किटे आणि साखर घातलेला चहा येतो. अनेक प्रौढ कुत्र्यांना दुधातील शर्करा पचत नाही व त्यांना पातळ जुलाब होतात. 'आमचे कुत्रे दुधाशिवाय काही खातच नाही' असे कौतुकाने सांगितले जाते. त्या कौतुकातच कित्येकदा दुखण्याचे मूळ असते.

दूध, मैद्याचे पदार्थ आणि तळलेले खाणे बंद करून पाहणे ही पहिली पायरी होय, आणि ती खर्च वाढविणारी नसून वाचविणारी आहे. तंतुमय अन्नासाठी उकडून कुस्करलेला तांबडा भोपळा उत्तम. त्यात मीठ-मसाला घालू नये. लहान कुत्र्याला एक-दोन चहाचे चमचे आणि मोठ्या कुत्र्याला एक-दोन मोठे चमचे रोजच्या अन्नात मिसळावेत. भोपळा नसेल त्या दिवसांत गव्हाचा स्वच्छ कोंडा चिमूटभरापासून सुरू करून हळूहळू वाढवावा. इसबगोलही चालते. लहान कुत्र्याला अर्धा चहाचा चमचा पुरतो, पण ते ओल्या अन्नातच मिसळावे आणि सोबत पिण्याचे पाणी भरपूर ठेवावे. कोरडे इसबगोल उलट बद्धकोष्ठ करते. बदल सावकाश करावा. एकाच दिवशी सारे पालटल्यास पोट बिघडून मूळ उद्देशच फसतो.

नुसत्या भाकरीवर कुत्र्याचे पोषण पूर्ण होत नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. शिजवलेले अंडे, मांसाचे तुकडे, शिजलेली डाळ यांची जोड हवी. घरची भाजी वा आमटी घालताना मात्र सावध असावे. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करतात. शिजवलेल्या हाडांचे अणकुचीदार तुकडे आतड्यांना इजा करतात, शिवाय हाडांच्या चुऱ्याने मळ दगडासारखा होऊन वेगळेच संकट ओढवते.

वजनाची परीक्षा हाताने करता येते. फासळ्यांवरून बोटे फिरविल्यास त्या सहज जाणवल्या पाहिजेत. जाणवत नसतील तर खाणे कमी करावे आणि सकाळ-संध्याकाळ फिरविणे वाढवावे. परभणीच्या उन्हाळ्यात हे फिरणे सूर्योदयापूर्वी उरकलेले बरे.

जंतांची शंका पूर्णतः निराधार नसते. गुदद्वाराभोवती किंवा मळावर तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे, कधी वळवळणारे तुकडे दिसले तर ते पट्टकृमीचे असतात आणि त्यानेही कुत्रे पार्श्वभाग घासते. साध्या जंतनाशकाने पट्टकृमी जातातच असे नाही. त्यासाठी योग्य औषध पशुवैद्यकाकडून वजनानुसार घ्यावे. हा कृमी पिसवांमार्फत पसरतो. कुत्र्याला औषध दिले आणि अंगावरच्या पिसवा तशाच राहिल्या तर काही आठवड्यांत तो पुन्हा होतो.

ग्रंथी दाबाव्यात की नाही?

या बाबतीत दोन टोके दिसतात. काही जण वर्षानुवर्षे हात लावीत नाहीत. काही जण आंघोळ घालताना दर वेळी ग्रंथी पिळून काढतात, कारण कुत्र्यांचे केस कापणाऱ्या एखाद्या व्यावसायिकाने तसे शिकविलेले असते. ज्या कुत्र्याला कसलाही त्रास नाही त्याच्या ग्रंथींना हात लावण्याचे कारण नाही. वारंवार दाबल्याने आतील नाजूक अस्तर सुजते, नलिका आणखी अरुंद होते आणि नसलेला विकार जडतो.

ज्याला हा त्रास पुनःपुन्हा होतो, त्याच्या मालकाने ही क्रिया एकदा पशुवैद्यकाकडून प्रत्यक्ष पाहून शिकून घ्यावी. पुढे दर वेळची फेरी व शुल्क वाचते. पद्धत थोडक्यात अशी : एकाने कुत्र्याला उभे धरावे. दुसऱ्याने रबरी हातमोजे घालून शेपटी वर उचलावी, गुदद्वारावर ओल्या कापसाचा जाड बोळा धरावा आणि अंगठा व तर्जनी चार व आठच्या जागी, पिशव्यांच्या किंचित खाली व मागे ठेवून हळुवारपणे आत आणि वर दाब द्यावा. स्राव कापसात येतो. पातळ, पिवळा-तपकिरी स्राव निरोगी समजावा. हलक्या दाबाने काही आले नाही तर जोर करू नये, प्रयत्न तेथेच थांबवावा. स्राव टूथपेस्टसारखा घट्ट, हिरवट, पुवाचा वा रक्तमिश्रित असला, किंवा त्या जागी सूज, लाली, ठणका असला, तर ती जागा घरी मुळीच दाबू नये. सुजलेली पिशवी दाबल्यास ती आतल्या आत फुटते आणि पू भोवतालच्या मांसात पसरतो.

एरवी गरीब असणारे कुत्रेही वेदनेपोटी चावते. म्हणून जबड्याभोवती कापडी पट्टीचा फास टाकून ती हनुवटीखाली आणि मग कानांमागे सोडगाठीने बांधावी. कुत्रे जिभेवाटे अंगातील उष्णता बाहेर टाकते, तेव्हा ही पट्टी काही मिनिटांपेक्षा अधिक काळ ठेवू नये. पगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्याला ती बांधूच नये. तरीही चावा बसलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि तत्काळ प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा शासकीय रुग्णालयात जाऊन अलर्करोगाच्या लसीविषयी सल्ला घ्यावा. घरचेच कुत्रे आहे म्हणून चालढकल करू नये.

गळू झाल्यास

एका बाजूला लालसर, गरम गाठ दिसू लागली की दवाखाना गाठावा. त्याच दिवशी जाणे शक्य नसल्यास, सोसवेल इतक्या कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या स्वच्छ कापडाने दहा-दहा मिनिटे, दिवसातून दोन-तीन वेळा शेक द्यावा. त्याने ठणका कमी होतो, परंतु तो उपचाराला पर्याय ठरत नाही. पशुवैद्यक पिशवी धुऊन काढतो, आवश्यक तर गळू चिरून पुवाला वाट करून देतो आणि प्रतिजैविक व वेदनाशामक औषधे देतो. लवकर आणलेल्या कुत्र्याला बहुधा एवढे पुरते. उशीर झाल्यास शस्त्रक्रियेचा, भुलीचा आणि वारंवार मलमपट्टीचा खर्च वाढत जातो. शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यात शुल्क माफक असते. परभणी येथे 1972 साली सुरू झालेले आणि आता नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेतील पशुवैद्यक व पशुविज्ञान महाविद्यालय आहे. त्याच्या चिकित्सालयात विद्यार्थ्यांच्या शिक्षणासोबत जनावरांवर उपचार होतात. ही सोय शेजारच्या अनेक जिल्ह्यांना हाताशी नाही, आणि जिल्ह्यातील श्वानपालकांनी तिचा लाभ अवश्य घ्यावा.

घरगुती उपायांपैकी काही मात्र प्राणघातक आहेत. फुटलेल्या गळूत माश्या बसून अळ्या पडतात. ग्रामीण भागात मग त्यावर फिनेल, रॉकेल किंवा गाडीचे जळके तेल ओतले जाते. अळ्या मरतात, पण मांस भाजते, आणि जखम चाटणाऱ्या कुत्र्याच्या पोटात विष जाते. दुसरी चूक माणसांच्या गोळ्यांची. अंगदुखीवर घरात ठेवलेली आयब्युप्रोफेन वा डायक्लोफेनॅकची गोळी कुत्र्याच्या जठरात व्रण करते व मूत्रपिंडे निकामी करू शकते. (जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर केंद्र शासनाने 2006 मध्ये बंदी घातली ती गिधाडांच्या ऱ्हासामुळे. कुत्र्याच्या बाबतीत धोका थेट त्याच्याच जिवाला आहे.)

जखम भरेपर्यंत कुत्र्याला ती चाटू न देणे महत्त्वाचे. बाजारातील शंकूच्या आकाराची कॉलर घेणे परवडत नसेल तर जाड पुठ्ठ्याची करावी, किंवा जुन्या प्लास्टिकच्या बादलीचा तळ कापून, कडांना कापड गुंडाळून ती गळपट्ट्याला बांधावी. खाताना तेवढी काढावी.

वर्षातून अनेकदा गळू होणाऱ्या कुत्र्याच्या ग्रंथी शस्त्रक्रियेने काढून टाकता येतात. परंतु त्या भागातील मज्जातंतूंना इजा झाल्यास मळावरील ताबा सुटण्याचा संभव असतो, म्हणून आहार, वजन आणि त्वचेची ॲलर्जी यांकडे पुरेसे लक्ष देऊन झाल्यावरच हा निर्णय घेतला जातो. उतारवयातील कुत्र्याला त्या जागी न दुखणारी, कठीण गाठ लागली तर मात्र विलंब करू नये. ती कर्करोगाची असू शकते.

ज्या घरी हा त्रास वारंवार होतो तेथे एक साधी वही ठेवावी : तारीख, उजवी बाजू की डावी, मळ घट्ट की पातळ, त्या आठवड्यात खाण्यात काय नवे आले, जंताचे औषध कधी दिले. शाळेत जाणाऱ्या मुलाकडे हे काम सोपवले तर ते आनंदाने करते. चिकित्सालयात जाताना ही वही सोबत न्यावी. पशुवैद्यकाचा पहिला प्रश्न बहुधा मळाविषयीच असतो, आणि त्याचे उत्तर आठवून सांगण्यापेक्षा वाचून दाखविणे सोपे जाते.