ठशांची सूक्ष्म छपाई आणि स्वस्त चिप

भ्रमणध्वनी असो वा रास्त धान्य दुकानातील यंत्र, त्याचा मेंदू म्हणजे सिलिकॉनची चिप होय. विद्युत्-मार्गांची अतिसूक्ष्म नक्षी थरावर थर उमटवून ती तयार होते. या छपाईस ‘लिथोग्राफी’ म्हणतात. शिळाछापावरील जुन्या पोथ्यांमुळे हे नाव मराठी वाचकांस अपरिचित नाही.

प्रचलित पद्धतीत ही नक्षी प्रकाशाने उमटविली जाते. छिद्रांच्या छापातून रांगोळी उतरावी, तसा पडद्यावरील आकृतीचा प्रकाश चकतीवरील संवेदनशील लेपावर पडतो. नक्षी जितकी बारीक, तितकी प्रकाशलहर आखूड लागते. आज सर्वांत बारीक नक्षीसाठी १३.५ नॅनोमीटर लांबीचे किरण वापरतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. हे किरण हवेत व काचेतही शोषले जातात. म्हणून निर्वात पोकळी व विशेष आरसे लागतात. अशा एका यंत्राची किंमत १५ कोटी डॉलरांहून अधिक असून, ते विकणारी कंपनी नेदरलँड्समधील एएसएमएल ही एकच आहे. साहजिकच अद्ययावत चिपा बनविणे मोजक्याच उद्योगांना परवडते.

यावर उपाय म्हणून ठशाची पद्धत पुढे आली. १९९५ साली अमेरिकेतील स्टीफन चौ व त्यांच्या सहकाऱ्यांनी साचा दाबून २५ नॅनोमीटर आकाराच्या खुणा उमटविल्या. आता चकतीवर द्रवरूप राळेचे थेंब सोडून त्यांवर क्वार्ट्‌झचा पारदर्शक साचा टेकवितात, अतिनील प्रकाशाने राळ घट्ट करतात आणि साचा अलगद उचलतात. जपानच्या कॅनन कंपनीने २०२३ साली १४ नॅनोमीटर रुंदीच्या रेषा उमटविणारे असे यंत्र विक्रीस आणले. त्यास महागडी भिंगे वा आरसे लागत नाहीत; विजेचीही बचत होते.

तथापि येथे साचा चकतीस प्रत्यक्ष स्पर्श करतो. धुळीचा एक कण अडकला तरी नक्षी बिघडते, आणि साच्यातील दोष पुढील प्रत्येक ठशात उतरतो. प्रकाशपद्धतीत मूळ आकृती सामान्यतः चौपट मोठी असते व छापताना लहान होते. साचा मात्र मूळ मापाचाच घडवावा लागतो. थरांवर थर अचूक बसविणेही कठीण असते. बाद चिपांची संख्या वाढल्यास यंत्राच्या किमतीतील बचत व्यर्थ ठरते. म्हणूनच या पद्धतीचे भवितव्य स्वच्छता व अचूकता यांवर अवलंबून आहे.

शिक्षकांनी वर्गात रबरी शिक्क्यावर मुद्दाम एक कण चिकटवून पाच ठसे उमटवावेत. सर्व ठशांत तोच डाग पाहून विद्यार्थ्यांस ही अडचण सहज उमगेल.