भट्टीला ‘ऑटो’ लावण्याआधी

हळद शिजवायच्या कुकरला ब्लोअर लावला की जळण कमी लागतं, धूर घटतो आणि वाफ लवकर धरते. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. ज्यांनी अजून लावला नसेल त्यांनी खुशाल लावावा. मला सांगायचं आहे ते ब्लोअरला जोडलेल्या टायमरबद्दल. ठरलेली मिनिटं हवा चालू, ठरलेली मिनिटं बंद, माणसानं लक्ष द्यायला नको, ही सोय ऐकायला गोड वाटते. वसमत तालुक्यात माझा स्वतःचा कुकर आहे. घरची हळद उरकली की तो भावकीत आणि आजूबाजूच्या गावांत भाड्यानं फिरतो. त्यावर टायमर बसवून एक हंगाम काढला. त्यात जे कळलं ते इथं मांडतो. येत्या माघात कुणाचा हाच बेत असेल, तर वेल्डिंगच्या दुकानात जायच्या आधी हे वाचावं.

आमचा कुकर म्हणजे फार मोठं यंत्र नव्हे. चाकांवरचा सांगाडा, त्यावर पाण्याची टाकी, टाकीखाली भट्टी आणि बाजूला ड्रम. टाकीतली वाफ नळीनं ड्रमात सोडायची. एक ड्रम शिजतो तोवर दुसरा भरायचा. काहिलीत पाण्यात हळद शिजवायचे तेव्हा एका काहिलीला पाऊण तास ते तास लागायचा. वाफेवर ते काम पुष्कळ लवकर उरकतं. पण हळदीची गरज तीच राहिली. शिजताना कंदातला स्टार्च फुलून मऊ होतो, कच्चा वास जातो, रंग आतपर्यंत सारखा पसरतो आणि वाळवणीचे दिवस कमी होतात. कमी शिजली तर वाळल्यावर हळकुंड ठिसूळ निघतं, जास्त शिजली तर रंग मरतो. शंभर किलो ओली हळद वाळून वीस-पंचवीस किलो भरते, म्हणजे बिघडलेला एक ड्रम शेतकऱ्याला चांगलाच महागात पडतो. २०२४ साली वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी बिटात कुणी डोळे झाकून भाव देत नाही. व्यापारी हळकुंड मोडतो, आतला रंग बघतो आणि मगच बोलतो.

एकसारख्या शिजवणीला एकसारखी वाफ लागते, वाफेला एकसारखा जाळ आणि जाळाला हवा. एक किलो वाळलेलं लाकूड पुरतं जळायला हिशेबानं सहा किलोच्या आसपास हवा लागते. प्रत्यक्षात त्याहून जास्तच द्यावी लागते. नुसत्या धुराड्याच्या ओढीवर एवढी हवा दरवेळी मिळत नाही. वारा पडला की भट्टी घुसमटते, म्हणून ब्लोअर. पण ड्रम बदलताना वाफेचा कॉक बंद करावा लागतो आणि खाली जाळ तर पेटलेलाच असतो. ब्लोअर तसाच फुंकत राहिला की दाब चढतो, सेफ्टी व्हॉल्व्ह सुटतो, पाणी आणि जळण दोन्ही वाया जातं. मग कुणीतरी सारखं उठून बटण दाबायचं. त्या उठबशीवर माझ्या भाच्यानं तोडगा काढला.

‘‘मामा, टायमर टाकू. पंखा आपोआप चालू-बंद होईल. तुम्ही खुशाल ड्रमाकडं बघा.’’

सायक्लिक टायमर स्वस्तात मिळतो. त्यावर दोन चकत्या असतात, एक चालू वेळेची, दुसरी बंद वेळेची. फॅब्रिकेशनवाल्यानं हवेच्या नळीत पत्र्याची एक झडपही बसवून दिली. पंखा चालू असला की वाऱ्याच्या जोरानं ती उघडी राहायची, थांबला की आपल्या वजनानं पडून नळी पुरती बंद व्हायची. सुरुवातीला तुराट्या आणि वाळलेली बाभूळ होती, तोवर सगळं सुरळीत चाललं.

मग अवकाळी झाला. जळण ओलं, मिनिटं मात्र तीच. जाळ नुसता धुमसायचा, वाफ नरम यायची. ड्रमावरच्या पोरांना मात्र मिनिटांची सवय लागलेली, वेळ झाली की ड्रम रिकामा. एका शेतकऱ्यानं ताडपत्रीवरचं हळकुंड उचलून मोडलं आणि माझ्यापुढं धरलं. वरून पिवळंधमक, मध्ये कच्च्या हळदीची फिकट गाठ. त्याला पैशाची सूट दिली, तरी त्याच्या हळदीला आलेला डाग काही निघाला नाही.

दुसरा प्रसंग रात्रीचा. जळणात त्या दिवशी पऱ्हाट्या होत्या. भट्टीवर आमचे नेहमीचे आबा. वाफ उतरली म्हणून त्यांनी भट्टीचं दार उघडलं. आत जाळ दिसेना, नुसता पिवळट-करडा दाट धूर घोळत होता. जाळ विझला असं समजून ते लोखंडी सळईनं पऱ्हाट्या आत लोटू लागले. तेवढ्यात पेटीत रिलेचा ‘टक्’ असा आवाज आला, पंखा फिरला, झडप उघडली आणि दारातून हातभर जाळ भक्कन बाहेर आला. आबा सवयीनं दाराच्या बाजूला उभे होते म्हणून तोंड वाचलं. भुवई, हाताचे केस आणि गमछ्याची कड जळाली, मनगटावर फोड आले. त्या रात्री पुढची शिजवणी झाली नाही.

तिसरा प्रसंग विजेचा. लाईट गेली, पंखा बंद पडला, माणसं जेवायला बसली. लाईट आली तशी टायमरनं आपली पाळी सुरू केली आणि पंखा फिरू लागला. भट्टीपाशी कुणी नाही, ड्रमाचा कॉक बंद, टाकीत पाणी आधीच उतरलेलं. सेफ्टी व्हॉल्व्हच्या शिट्टीनं सगळे धावले तेव्हा काचेच्या नळीत पाणी तळाला टेकलं होतं.

या तिन्ही प्रसंगांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. टायमर मिनिटं मोजतो. जाळ किती आहे, वाफ किती आहे, पाणी किती आहे, यातलं काहीही त्याला कळत नाही. वर हवा तोडली की जाळ थांबतो, हा आपला समजही अपुरा आहे. लाकूड तापलं की त्याच्या कोरड्या वजनाचा निम्म्याहून कितीतरी अधिक भाग वायू होऊन बाहेर पडतो आणि ज्वाला दिसते ती मुख्यतः या वायूची. हवा बंद केली तरी निखारे तापलेलेच असतात, त्यामुळे वायू निघत राहतो. तो जळत नाही, भट्टीत साठतो. हवा पुन्हा एकदम आली आणि आत एक निखारा असला की साठलेलं सगळं एका दमात पेटतं. पऱ्हाट्या आणि तुराट्यांसारखं बारीक जळण झपकन तापतं, म्हणून तिथं हा धोका जास्त. न जळलेल्या वायूची काजळी टाकीच्या बुडाला आणि धुराड्याला धरते ते वेगळंच. काजळीचा थर उष्णता अडवतो आणि ब्लोअरनं वाचवलेलं जळण तिथं परत जातं.

भट्टीची हवा आपोआप कमी-जास्त करायची कल्पना काही नवी नाही. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला कॉर्नेलिस ड्रेबेल या डच माणसानं भट्टीच्या उष्णतेवर पारा सरकवून हवेची वाट उघडमीट करायची युक्ती काढली होती. थंड मुलुखात घर उबदार ठेवायला तळघरात कोळशाची भट्टी असे आणि तिची झडप हातानं सांभाळावी लागे. १८८५ साली अमेरिकेत मिनियापोलिसला अल्बर्ट बट्झ यानं खोलीतल्या उष्णतेवर चालणारी झडप तयार केली. या दोघांनीही झडपेचा दोर उष्णतेच्या हाती दिला होता. घड्याळ त्याच्या जोडीला नंतर आलं. रात्री ऊब कमी ठेवायची आणि पहाटे वाढवायची, एवढंच ते ठरवी. झडप हलवायचं काम उष्णतेकडंच राहिलं. आपल्या कुकरला ‘ऑटो’ करायचं तर हाच क्रम धरावा.

हवा कमी करा, तोडू नका

भट्टीत जळण असेपर्यंत हवेची वाट पुरती बंद होता कामा नये. झडपेला खालून एक बोल्ट असा लावून घ्या की ती पडली तरी बोटभर फट राहील. ब्लोअर चालू-बंद करण्याऐवजी त्याच्या तोंडाशी सरकती पट्टी ठेवून वारा कमी-जास्त करणं सगळ्यात सोपं. धुराड्याची झडप मात्र पेटत्या भट्टीवर कधीही मिटू नये.

दोर वाफेच्या हाती द्या

आपोआप चालणारंच हवं असेल तर टायमरऐवजी प्रेशर स्विच बसवा. दाब ठरलेल्या हद्दीला पोचला की वारा मंद, उतरला की पुन्हा जोरात. जळण ओलं असो की वाळलेलं, स्विच वाफ बघून चालतो. वाफेच्या वापराला चालणारा स्विच मागा आणि त्याच्या आधी गोल वळसा दिलेली नळी घ्यायला विसरू नका. त्या वळशात पाणी साठून राहतं आणि वाफेची थेट झळ स्विचला लागत नाही. टायमर घेतलाच असेल तर त्याला घंटा जोडा. दर थोड्या वेळानं घंटा वाजावी आणि माणसानं उठून पाणी, दाब आणि जाळ बघावा.

लाईट आल्यावर पंखा आपणहून फिरू नये

विहिरीवरच्या मोटारीला ‘ऑटो’ लावायची आपल्याला सवय आहे. रात्री-अपरात्री लाईट आली की मोटार चालू व्हावी, म्हणून. तीच सवय भट्टीवर घातक ठरते. ब्लोअरला पुशबटणाचा स्टार्टर द्या. त्यातल्या नो-व्होल्ट कॉइलमुळे लाईट गेली की तो सुटतो आणि माणसानं बटण दाबल्याशिवाय पुन्हा धरत नाही. कॉइल बांधून टाकायची किंवा शॉर्ट करायची हुशारी इथं करू नये. कुकरभोवतीची जमीन सदा ओली असते, म्हणून अर्थिंग पक्की हवी आणि तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबीही हवा. मोकळी जोडलेली वायर चिखलात पडू देऊ नका.

दार उघडायची रीत

आधी ब्लोअर बंद करा. थोडं थांबा. दार बोटभर उघडून धूर धुराड्याकडं ओढला जातोय का बघा, मग पुरतं उघडा. उभं राहायचं ते बाजूला, समोर नाही. आत धूर दाट आणि जाळ नाही असं दिसलं, तर भट्टी विझलेली नसून ती साठवण करत आहे असंच समजावं. अंगात नायलॉनचा शर्ट नको, सुती असावा.

पाणी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह

काचेच्या नळीतलं पाणी हाच कुकरचा जीव. पाणी पार उतरलेलं दिसलं तर घाईनं थंड पाणी सोडू नका. तापलेल्या पत्र्यावर पाणी पडलं की क्षणात वाफ होते, आणि पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पटींहून जास्त जागा मागते. ब्लोअर बंद करायचा, जाळावर ओलसर राख किंवा माती टाकायची, माणसं लांब करायची आणि टाकी आपणहून निवू द्यायची. सेफ्टी व्हॉल्व्ह गळतो म्हणून त्यावर वजन टांगणं किंवा तारेनं बांधणं म्हणजे संकट ओढवून घेणं. एक किलो प्रति चौरस सेंटीमीटरपेक्षा कमी दाबाचं भांडं कायद्याच्या बॉयलरमध्ये मोडत नाही. तेव्हा आपले कुकर दरवर्षी कुणी तपासायला येईल ही आशा धरू नये. तपासणी आपली आपणच हंगामाआधी करावी.

शिजवणी हळदीवरून ओळखा

मिनिटांचा उपयोग अंदाजापुरता. ड्रमाच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या थरातलं एकेक हळकुंड काढा. टोकदार काडी सहज आरपार गेली, मोडल्यावर आत सारखा रंग दिसला, की ड्रम उतरवा. जेठे गड्डे आणि हळकुंडं एकाच ड्रमात घालू नका. गड्डे शिजेपर्यंत हळकुंडांचा गाळ होतो. जळण बदललं, नवा ड्रम लावला, पाऊस झाला, की पहिला ड्रम पुन्हा नव्यानं तपासायचा.

हवा तोडू नये आणि टायमरच्या भरवशावर राहू नये, हा नियम घरातही लागू आहे. आंघोळीच्या बंबाचं धुराडं बुजवून ऊब धरून ठेवू नये. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरला वीस मिनिटांनी बंद होणारा टायमर असला तरी त्याच्या भरवशावर खिडकी मिटू नये. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या आगीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि वीस मिनिटं संपायच्या आधीच तो माणसाला बेशुद्ध करू शकतो. गिझर न्हाणीघराच्या बाहेर लावावा आणि पाणी नळीनं आत घ्यावं.

आमच्या कुकरवर टायमर अजून आहे, पण तो आता घंटेला जोडलेला आहे. वाऱ्याचं काम प्रेशर स्विच आणि सरकती पट्टी करतात, आणि भट्टीपाशी एक माणूस कायम बसतो. त्याची मजुरी ड्रमामागच्या दरात धरली आहे. दर थोडा जास्त पडतो म्हणून घासाघीस होते. तेव्हा मी समोरच्याला हिशेब मांडून दाखवतो, की एक कच्चा ड्रम त्या माणसाच्या हंगामभराच्या मजुरीतला मोठा वाटा खाऊन जातो. तुम्ही फॅब्रिकेशनवाल्याकडे जाल तेव्हा त्याला तीन प्रश्न विचारा: पंखा थांबल्यावर हवा कुठून येईल, लाईट आल्यावर पंखा कोण चालू करील, आणि पाणी संपलं तर कुणाला कळेल? तिन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका.