ट्रॉलीसाठी ट्रॅक्टर किती ताकदीचा?

ट्रॅक्टर घेताना आपण एकच विचारतो, "किती टन ओढतो?" त्याबरोबर हेही विचारा, "किती टन थोपवतो?" ५० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे वजन साधारण २ टन आणि मागे १० टन ऊस. सपाटीला तो ओढील. पण धारूर घाटाच्या उतारावर बिनब्रेकची ट्रॉलीच ट्रॅक्टरला ढकलते. चढावर पुढची चाके उचलतात. म्हणून अश्वशक्तीबरोबर ट्रॅक्टरचे वजन व ब्रेक पाहा. घाटाची वाट असेल तर एकच ट्रॉली जोडा, तीही बेताने भरा. दोन्ही ब्रेकचे पेडल खटका लावून एकत्र करा. उताराआधीच खालचा गिअर टाका. न्यूट्रल करून डिझेल वाचवू नका. उरलेला ऊस दुसऱ्या खेपेला येईल, गेलेला माणूस येत नाही.