मसुद्याचा पहिला वाचक

दिवाणी न्यायालयात चाळीस वर्षे वकिली करून निवृत्त झालेले एक वकीलसाहेब आणि विधी महाविद्यालयात नुकत्याच रुजू झालेल्या एक अध्यापिका यांच्यात एका संध्याकाळी झालेला हा संवाद आहे. वादपत्रे व दस्तऐवज यांच्या मसुदालेखनाचा विषय बाईंकडे सोपविण्यात आला होता. पदव्या उत्तम, वाचन दांडगे, परंतु न्यायालयाची पायरी त्या वकील म्हणून कधी चढल्या नव्हत्या, आणि ही उणीव मनात सलत असल्यामुळेच त्या वकीलसाहेबांकडे आल्या होत्या.

अध्यापिका : वकीलसाहेब, मी मुलांना नमुन्यांचे पुस्तक दिले. मुले मसुदे सुबक अक्षरात लिहून आणतात. पण तीस वह्या तपासल्या की तीसही एकाच हातच्या वाटतात. नमुना देण्यातच माझी चूक झाली का?

वकीलसाहेब : नमुन्याला दोष देऊ नका. खुद्द दिवाणी प्रक्रिया संहितेनेच परिशिष्ट अ मध्ये वादपत्रांचे नमुने दिले आहेत. परंतु कोणती गोष्ट कोठे लिहावी एवढेच नमुना सांगतो. काय लिहावे हे पक्षकाराकडूनच कळते, आणि तुमच्या वर्गात पक्षकार नाही. एखादा शेतकरी शेजाऱ्याने बांध कोरल्याची तक्रार घेऊन आला, म्हणजे तो आजोबांच्या वाटणीपासून आरंभ करतो, मग विहिरीच्या पाण्यावर येतो, तेथून एका लग्नात झालेल्या बोलाचालीकडे वळतो, आणि आपला तरुण वकील अधीर होऊन त्याला म्हणतो, "बाबा, मुद्द्याचे बोला." त्या बिचाऱ्याला मुद्दा कोणता हे ठाऊक असते, तर तो वकिलाकडे आलाच कशाला असता! शेजाऱ्याने जमीन प्रथम केव्हा नांगरली हे त्या लग्नाच्या हकिगतीतच दडलेले असते, आणि कब्जा परत मागण्याची बारा वर्षांची मुदत कोठून मोजावयाची हे त्याच तारखेवर ठरते. म्हणून माझे सांगणे असे की, पहिले पंधरा दिवस मुलांच्या हाती लेखणी देऊच नका. एकाने पक्षकार व्हावे, दुसऱ्याने ऐकावे, आणि ऐकणाऱ्याने ऐकलेली हकिगत तारखांच्या क्रमाने पुन्हा सांगावी. पक्षकार झालेल्याने मान हलविली, तरच पुढे जावे.

अध्यापिका : ऐकलेले सर्व लिहावयाचे नसते, हेही शिकवावे लागेल.

वकीलसाहेब : अर्थातच. संहितेचा सहावा आदेश, दुसरा नियम म्हणतो की, वादपत्रात महत्त्वाची तथ्ये संक्षेपाने असावीत, त्यांचा पुरावा असू नये. हे वाक्य मुले पाठ करतात आणि लगेच "प्रतिवादी हा अत्यंत दांडगा व कपटी इसम असून" असा मजकूर लिहितात. दांडगेपणा हे तथ्य नव्हे; अमुक दिवशी प्रतिवादीने नांगर घातला, हे तथ्य. फसवणुकीचेही तसेच : चौथा नियम तपशील मागतो, तारखा मागतो; नुसते "फसवणूक झाली" असे लिहिणे हा आरोप होतो, कथन होत नाही.

अध्यापिका : माझ्या मुलांची भाषा वाईट नाही. काहींनी शाळेत निबंधाची बक्षिसे मिळविली आहेत.

वकीलसाहेब : तीच अडचण आहे. एक शब्द लागोपाठ दोनदा आला की भाषा दरिद्री होते, असे शाळेने शिकविलेले असते. म्हणून हा विद्यार्थी पहिल्या परिच्छेदात "मिळकत", दुसऱ्यात "जमीन" आणि तिसऱ्यात "मालमत्ता" असे लिहितो. निबंधात पुनरुक्ती हा दोष असेल, मसुद्यात मात्र शब्द बदलणे हा दोष आहे; कारण शब्द बदलला की वस्तू बदलली, असे म्हणावयास प्रतिपक्षाचा वकील टपलेला असतो. मालकी, कब्जा आणि वहिवाट हे तीन शब्द तर मुले खुशाल एकमेकांच्या जागी वापरतात. मालकी एकाची, कब्जा दुसऱ्याचा आणि वाटेची वहिवाट तिसऱ्याची, अशी एकच जमीन त्यांच्यापुढे ठेवा, म्हणजे हा भेद त्यांना समजेल.

अध्यापिका : मग मसुदा तपासावा कसा? मी तांबड्या शाईने चुका दाखविते, मुले त्या दुरुस्त करतात, आणि पुढच्या मसुद्यात त्याच पुन्हा करतात.

वकीलसाहेब : तुम्ही तपासू नका, प्रतिपक्षाला तपासू द्या. वर्गाचे दोन भाग करा. एका भागाने वादपत्र लिहावे आणि दुसऱ्याने त्याच वादपत्राला कैफियत लिहावी. वादपत्रातील प्रत्येक फट कैफियत लिहिणाऱ्याला दिसते, कारण तिच्यातूनच त्याला निसटावयाचे असते. तारीख सुटली असेल, तर तो मुदतीची हरकत घेईल. एखादी दाद मागावयाची राहिली असेल, तर दुसऱ्या आदेशाच्या दुसऱ्या नियमावर बोट ठेवील. मसुद्याचा पहिला वाचक न्यायाधीश नव्हे, प्रतिवादीचा वकील होय. हे मी शंभरदा सांगितले असते तरी जे मुलांना पटले नसते, ते कैफियतीचा एक कागद हाती पडताच पटते.

अध्यापिका : तुम्हांला ते कसे पटले?

वकीलसाहेब : फार महाग पडले, आणि किंमत माझ्या पक्षकाराने दिली. वकिलीच्या तिसऱ्या वर्षी मी कब्जाचा एक दावा लावला. मिळकतीचे वर्णन जुन्या खरेदीखतावरून जसेच्या तसे उतरविले, चतुःसीमाही त्याच. खरेदीखतानंतर गावात १९४७ च्या कायद्याखाली एकत्रीकरण योजना होऊन सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले होते. सातबारा माझ्यासमोर होता, पण दोन्ही कागद शेजारी ठेवून मी ताडून पाहिले नाहीत. प्रतिवादीच्या वकिलानेही ते पाहिले नाही. हुकूमनामा पदरात पडला. दरखास्तीत बेलिफ कब्जा घ्यावयास गेला, तेव्हा प्रतिवादी बांधावर उभा राहून म्हणाला, "या नंबराची जमीन या गावात नाही." मोजणी, नकाशा, दुरुस्तीचे अर्ज यांत चार वर्षे गेली. वादी तोवर वारला. कब्जा त्याच्या मुलाने घेतला. सातव्या आदेशाचा तिसरा नियम मिळकत ओळखता येईल असे वर्णन का मागतो, हे मला त्या मुलाच्या तोंडाकडे पाहताना कळले.

अध्यापिका : (थोड्या वेळाने) मसुदे इंग्रजीत लिहवून घ्यावेत की मराठीत?

वकीलसाहेब : दोन्हींत. उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे, ती आलीच पाहिजे. परंतु महाराष्ट्रातील जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा १९९८ च्या अधिसूचनेने मराठी ठरली आहे, आणि तुमचे बहुतेक विद्यार्थी तेथेच उभे राहणार आहेत. शिवाय सत्यापनाचा विचार करा. कोणते परिच्छेद स्वतःच्या माहितीने खरे आहेत आणि कोणते इतरांकडून कळल्यावरून खरे वाटतात, हे वादी सहीनिशी सांगतो. ज्याला आपल्या कागदातील अक्षर कळत नाही, त्याच्याकडून अशी सही घेणे मला नेहमीच अनुचित वाटत आले आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने आपला मसुदा कायदा न शिकलेल्या घरच्या माणसाला वाचून दाखवावा. जेथे ते माणूस अडेल, तेथे वाक्य पुन्हा लिहावे.

अध्यापिका : अभ्यासक्रमात पंधरा मसुदे आणि पंधरा दस्त, प्रत्येकास तीन गुण, अशी वाटणी आहे. एवढे सगळे एका वर्षात बसवावयाचे कसे?

वकीलसाहेब : तीसही करून घ्या, नियम आहे. पण त्यांतील चार निवडा : एक वादपत्र, एक कैफियत, एक खरेदीखत, एक मृत्युपत्र, आणि ती प्रत्येकी चारदा लिहवून घ्या. न वटलेल्या धनादेशाची नोटीस वगैरे एका तासात होईल. तीस दिवसांत नोटीस आणि पैसे भरण्यास पंधरा दिवस, एवढे पक्के झाले म्हणजे पुरे. आणि हे सर्व एकटीने करू नका. व्यवसायातील वकील व निवृत्त न्यायाधीश यांचे साहाय्य घ्यावे, असे अभ्यासक्रमातच म्हटले आहे.

संवाद येथे थांबला. ज्यांच्या कपाटांत निकाली दाव्यांची बासने बांधून पडली आहेत, अशा वकील वाचकांना माझी विनंती आहे : पक्षकाराची संमती घेऊन, नावे व गाव खोडून, त्यांतील एक वादपत्र आणि त्याची कैफियत जवळच्या विधी महाविद्यालयात नेऊन द्या, आणि ती शिकविली जातील त्या दिवशी तासभर वर्गात बसा.