इंजिनातील ठिणगी आणि तिचे दोष

डमडम हे नाव जगातील अनेकांना एका बंदुकीच्या गोळीमुळे ठाऊक झाले. कलकत्त्याच्या ईशान्येस असलेल्या या गावातील शस्त्रागारात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती तयार झाली आणि १८९९ च्या हेग परिषदेने युद्धात तसल्या गोळ्या वापरण्यास बंदी घातली. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र डमडमच्या दुसऱ्या ओळखीशी, तेथील विमानतळाशी निगडित आहे. १९४९ मध्ये भारतात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास एकत्र येत, आपापसांत टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत परत फिरत. डमडमहून निघणाऱ्या विमानास सुमारे हजार किलोमीटरचा प्रवास करावा लागे, आणि त्यातील बराचसा मार्ग काळोखातील डोंगराळ अरण्यावरून जाई. या कामी प्रथम डकोटा विमाने योजिलेली होती. डकोटाला दोन इंजिने असत. त्यांपैकी एक जरी अडखळू लागले, तरी वैमानिकाचे लक्ष उरलेल्या प्रवासभर त्याच्याच आवाजाकडे लागून राही.

हे अडखळणे बहुधा कशामुळे होते, आणि त्याचे मूळ कसे शोधून काढतात?

डकोटाच्या प्रत्येक इंजिनात चौदा सिलिंडर असतात. सात-सात सिलिंडरांची दोन कडी एकामागे एक बसविलेली असतात. प्रत्येक सिलिंडरात हवा व पेट्रोल यांचे मिश्रण दाबले जाते आणि दट्ट्या माथ्यास पोहोचण्याच्या थोडे आधी, म्हणजे भुजादंडाच्या फिरण्यातील सुमारे २५ अंश आधी, ठिणगी पडून ते पेट घेते. भुजादंडाच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. उड्डाणाच्या वेळी इंजिन मिनिटास २,७०० फेरे घेते. यावरून एका सिलिंडरास मिनिटास १,३५० ठिणग्या लागतात आणि चौदा सिलिंडरांस मिळून १८,९०० लागतात, हे सहज ध्यानात येईल. दर सेकंदास हा आकडा ३१५ होतो. यांतील काही ठिणग्या दुर्बळ पडल्या किंवा अवेळी पडल्या, तर इंजिनाची लय बिघडते.

ही ठिणगी मॅग्नेटो नावाचे यंत्र निर्माण करते. त्याला बॅटरीची गरज नसते. त्यातील चुंबक इंजिनाच्या गतीने फिरतो व तारेच्या वेटोळ्यात विद्युत्प्रवाह उत्पन्न करतो. प्रवाह ऐन भरात असताना दोन धातूंची टोके, ज्यांना कारागीर ‘पॉइंट’ म्हणतात, एकमेकांपासून दूर होतात. प्रवाह एकाएकी तुटतो आणि दुसऱ्या, बारीक तारेच्या वेटोळ्यात हजारो व्होल्टांचा दाब निर्माण होतो. वितरक हा दाब ज्या त्या सिलिंडराच्या स्पार्क प्लगकडे ठरलेल्या क्रमाने पोहोचवितो. विमानाच्या इंजिनावर असे दोन मॅग्नेटो असतात आणि प्रत्येक सिलिंडरात दोन प्लग असतात. डकोटाच्या इंजिनात उजवा मॅग्नेटो पुढील बाजूच्या प्लगांना व डावा मागील बाजूच्या प्लगांना ठिणगी पुरवितो. एक निकामी झाला तरी दुसऱ्यावर इंजिन चालू राहते, हा या योजनेचा उघड हेतू आहे. शिवाय दोन ठिकाणांहून पेटलेले मिश्रण लवकर व पूर्ण जळते, हाही लाभ होतो.

धावपट्टीच्या टोकाशी पोहोचल्यावर विमान क्षणभर थांबते व इंजिने मोठ्याने गुरगुरू लागतात. या वेळी जी परीक्षा चालते, तिचा आधार हीच दुहेरी योजना आहे. पंख्याची पाती लहानांत लहान कोनात ठेवून वैमानिक इंजिन ठरावीक शक्तीवर आणतो आणि एक-एक मॅग्नेटो क्रमाने बंद करून पाहतो. एकाच ठिणगीवर मिश्रण थोडे सावकाश जळते, त्यामुळे मिनिटाचे फेरे पन्नास-साठांनी उतरावेत हे स्वाभाविकच आहे. शंभराहून अधिक उतरले, किंवा इंजिन थरथरू लागले, तर विमान परत न्यावे लागते. येथे फेरे कसे उतरले हेही पाहावे लागते. काटा झटकन खाली आला, तर दोष बहुधा प्लगात किंवा त्याच्या तारेत असतो. तो सावकाश ओघळत गेला, तर ठिणगीची वेळ चुकली असण्याचा संभव अधिक. दोन्ही मॅग्नेटोंवर थरथर सारखीच राहिली, तर ठिणगीला दोष देण्यात अर्थ नाही. इंधनाचे प्रमाण, झडपा किंवा हवेची गळती यांकडे वळावे. आणि फेरे मुळीच उतरले नाहीत, तर? नवशिक्यास ही आनंदाची गोष्ट वाटते. अनुभवी कारागीर मात्र अशा वेळी अधिक सावध होतो. त्याचे कारण पुढे येईल.

अठ्ठावीस प्लगांतील एकच बिघडलेला असेल, तर तो ओळखण्याची जुनी युक्ती साधी आहे. इंजिन निवू द्यावयाचे, मग सदोष मॅग्नेटोवरच ते थोडा वेळ चालवावयाचे आणि त्याच स्थितीत बंद करावयाचे. लगेच प्रत्येक सिलिंडराची उष्णता तपासली असता तेरा तापलेले आणि एक थंड आढळतो. त्या थंड सिलिंडरात ठिणगी पडलेली नाही. मग त्याचा प्लग शेजारच्या प्लगशी बदलून परीक्षा पुन्हा करावयाची. दोष प्लगाबरोबर शेजारी गेला, तर प्लग टाकून द्यावा. जागीच राहिला, तर तार किंवा वितरक तपासावा. सगळे प्लग एकदम बदलणे हा आळशाचा उपाय होय. त्याने इंजिन कदाचित सुधारते, पण काय बिघडले होते हे कळत नाही.

डमडमला या सर्वांत पावसाळ्याची भर पडते. वर्षाला दीड मीटरहून अधिक पाऊस आणि त्याहूनही त्रासदायक अशी दमट हवा! १९३७ च्या जूनमध्ये पृथ्वीप्रदक्षिणेस निघालेल्या अमेलिया इअरहार्ट डमडमला उतरल्या, तेव्हा पावसाने भिजून चिखल झालेल्या मैदानावरून त्यांना उड्डाण करावे लागले. वितरकाच्या आत पाण्याची वाफ साचली की उच्च दाबाच्या विजेला प्लगापर्यंत जाण्यापेक्षा ओल्या पृष्ठभागावरून घसरणे सोपे जाते. एकदा ती त्या वाटेने गेली की मागे कोळशाची बारीक रेघ उरते, आणि ती रेघ विजेचा कायमचा रस्ता होऊन बसते. ओलावा मंद उष्णतेने वाळविता येतो. रेघ पडलेला भाग बदलण्यावाचून गत्यंतर नसते. उंचावर हवा विरळ होते व तिची विजेला अडविण्याची शक्ती घटते, म्हणून जमिनीवर लपलेला हा दोष कधी कधी आकाशातच प्रकट होतो.

वर्तुळाकार इंजिनाची आणखी एक खोड आहे. विमान उभे असताना तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचते. त्याने प्लग भिजतात. तेल फार साचले, तर दट्ट्याला ते दाबता येत नाही व यंत्र मोडू शकते. म्हणून इंजिन सुरू करण्यापूर्वी कारागीर पंख्याची पाती हाताने फिरवून पाहतात, आणि येथेच एका तारेवर माणसाचा जीव अवलंबून असतो. घरातील दिव्याचे बटण बंद केले की प्रवाह तुटतो. मॅग्नेटोचे बटण याच्या उलट काम करते. ते बंद केले असता मॅग्नेटो एका तारेने इंजिनाच्या धातूशी जोडला जातो व त्याची वीज तेथेच विरून जाते. ही तार तुटली, तर बटण बंद दिसत असूनही मॅग्नेटो जिवंतच राहतो. तपासणीत फेरे न उतरण्याचे एक कारण हेच. अशा इंजिनाचे पाते हाताने फिरविणाऱ्याच्या अंगावर पंखा अकस्मात उसळू शकतो. यासाठी इंजिन मंद चालत असताना बटण क्षणभर पूर्ण बंद करून पाहण्याचा नियम आहे. इंजिन त्या क्षणी मरू लागले, तरच तार शाबूत आहे असे समजावे.

पाण्यावर घसरणाऱ्या खेळाडूस ओढून नेणाऱ्या जुन्या वेगनौकांत याच जातीचे दोष लहान प्रमाणावर आढळतात. त्यांत बहुधा मोटारीचेच इंजिन बसविलेले असे. तेथे मॅग्नेटोऐवजी बॅटरी व वेटोळे असते. पॉइंट, कंडेन्सर आणि वितरक मात्र तेच. पॉइंट जळून खडबडीत झाले किंवा त्यांतील जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे अंतर बदलले, तर इंजिन गचके देऊ लागते. येथे दुसरी ठिणगी नसल्यामुळे तुलनेचा मार्ग बंद होतो. म्हणून चालू इंजिनाच्या एकेका प्लगची तार निरोधक मुठीच्या चिमट्याने काढून क्षणभर धातूशी टेकवितात. ज्या सिलिंडराची तार काढूनही आवाजात फरक पडत नाही, तो आधीपासूनच मेलेला असतो. पण नौकेच्या तळाशी पेट्रोलची वाफ साचून राहते व एका ठिणगीने तिचा स्फोट होतो. म्हणून तेथे झाकण उघडून, पंख्याने वाफ बाहेर घालवून, वास पूर्ण गेल्याची खात्री केल्यावाचून इंजिन सुरू करीत नाहीत, आणि तारेला हातही लावीत नाहीत.