घराची जमीन : लॅमिनेट आणि इतर प्रकारांची पारख

धान्याच्या व्यापाऱ्यास वखारीतील जमिनीचे महत्त्व कोणी सांगावयास नको. जमीन ओल धरणारी असली म्हणजे खालच्या थराची पोती प्रथम बिघडतात. म्हणूनच थप्पी लाकडी फळ्यांवर लावण्याचा प्रघात आहे. परंतु वखारीत जी दक्षता आम्ही जन्मभर घेतली, ती स्वतःच्या घरी घेतली नाही. त्यातून मिळालेला धडा सभासद बंधुभगिनींच्या उपयोगी पडावा, या हेतूने हा लेख सादर करीत आहोत.

आमचे घर चोपडे येथे, शापोरा नदीच्या काठाजवळ आहे. तळमजल्यावरील संगमरवरी फरशीवर सामायिकास बसताना आमच्या वृद्ध मातोश्रींचे गुडघे गारठत. त्यांच्या सोयीसाठी आम्ही त्यांच्या खोलीत, जुन्या फरशीवरच, आणि माडीवरील एका खोलीत चैत्र महिन्यात लॅमिनेट बसवून घेतले. दोन महिने सर्वांनी वाखाणणी केली. आषाढात मात्र तळमजल्यावरील पट्ट्यांच्या कडा फुगल्या, मध्यभागी उंचवटा आला आणि एके सकाळी मातोश्रींचे पाऊल वर आलेल्या सांध्यास अडखळले. सूनबाईंनी वेळीच हात दिला म्हणून अनर्थ टळला. माडीवरील तेच लॅमिनेट आजही निर्दोष आहे. एकाच मालास दोन ठिकाणी दोन फळे का यावीत, याचा आम्ही शोध घेतला.

लॅमिनेटचा उगम स्वीडनमध्ये १९७७ साली झाला. त्याच्या पट्टीत चार थर असतात : तळाशी तोल सांभाळणारा थर, त्यावर लाकडाचा भुसा व राळ दाबून केलेला जाड गाभा, त्यावर लाकडाचे चित्र छापलेला कागद, आणि सर्वांत वर मेलॅमिनचे कठीण, पारदर्शक कवच. म्हणजे वरून दिसते ते लाकूड नव्हे, लाकडाचे चित्र होय. कवच ओरखड्यास दाद देत नाही. परंतु सांध्यातून पाणी गाभ्यात शिरले की तो फुगतो, आणि फुगलेला गाभा पूर्ववत होत नाही. अस्सल लाकूड रंधून पुन्हा नवे करता येते, लॅमिनेट येत नाही. विक्रेते ‘एसी ३’, ‘एसी ४’ असे दर्जे सांगतात. ते मुख्यतः झिजेविषयीचे आहेत, पाण्याविषयीचे नव्हेत. आम्ही येथेच फसलो.

आमच्या चुका तीन झाल्या. जमिनीतून चढणारी ओल अडविण्यास खाली जाड प्लॅस्टिकचा कागद घातला नाही. भिंतीलगत फुगण्यासाठी आठ-दहा मिलिमीटरची फट सोडली नाही. आणि न्हाणीघराच्या दारापर्यंत पट्ट्या नेल्या. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, व त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. अशा प्रदेशात या तीन चुका क्षम्य नाहीत. शिवाय गाभा लाकडाचा असल्याने ओलीबरोबर वाळवीचे भय येते; आणि एकदा वाळवी लागली की औषध मारण्याचा प्रसंग येतो. जीवदया पाळणाऱ्या कुटुंबाने ही गोष्ट आधीच ध्यानी घ्यावी.

आता इतर प्रकार पाहू. शहाबादी व कोटा हे दगड टिकाऊ व पायास थंड, उन्हाळ्यात सुखकर. संगमरवर शोभिवंत खरा, पण लिंबू, चिंच, आमसूल यांच्या आंबटाने त्याची झिलई जाते. म्हणून तो स्वयंपाकघरात नको. ग्रॅनाइट आंबटास दाद देत नाही. व्हिट्रिफाइड टाइल पाणी अर्ध्या टक्क्याहूनही कमी शोषते. मात्र वृद्धांच्या खोलीत ती खरखरीत पृष्ठाचीच घ्यावी, गुळगुळीत टाइल ओली झाली की घसरते. दगडाची भुकटी व प्लॅस्टिक यांपासून केलेल्या नव्या पट्ट्या दिसण्यात लॅमिनेटसारख्या असून पाण्याने फुगत नाहीत. परंतु त्यांनाही खालची जमीन सपाट लागते.

सारांश, पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. हातभर चौरस प्लॅस्टिकचा कागद चारी कडांनी जमिनीस चिकटवून एक अहोरात्र ठेवावा. खाली दव जमले तर तेथे लॅमिनेट घालू नये. ही परीक्षा पावसाळ्यात करावी, चैत्रात नव्हे.

२. माडीवरील कोरड्या शयनगृहात लॅमिनेट खुशाल घालावे. स्वयंपाकघर, न्हाणीघर व ओसरी येथे कदापि नको. पुसताना फडके घट्ट पिळून घ्यावे.

३. केवळ पट्टीचा भाव विचारू नये. १२ फूट × १० फूट खोलीचे १२० चौरस फूट होतात. कापाकापीची दहा टक्के तूट धरून १३२ चौरस फूट माल लागतो. त्यात खालचा थर, कडेच्या पट्ट्या, मजुरी व वाहतूक मिळवूनच तुलना करावी.

मातोश्रींच्या खोलीत आम्ही आता खरखरीत टाइल बसविली असून सामायिकासाठी जाड लोकरी आसन अंथरले आहे. गुडघ्यांस ऊब मिळावी हा मूळ हेतू त्या आसनाने अल्प खर्चात साधला. तो मार्ग आम्हांस प्रथमच सुचावयास हवा होता. अस्तु.