प्रत्येक फाइलवर सर्वे नंबर लिही

माजरीत ज्यांची शेती कोळसा खाणीत गेली, त्यांच्या घरी कागदांची चळत असतेच. सातबारा, फेरफार, 1957 च्या कोळसाधारी क्षेत्र कायद्याखालच्या अधिसूचना, मोबदल्याची पत्रं, जमिनीच्या बदल्यातल्या नोकरीच्या अर्जाची पोच. पोरा, तू हे सगळं स्कॅन करून काँप्युटरवर चढवलंस, मोठं काम केलंस. आता मागितला कागद लगेच सापडावा म्हणून एवढं ध्यानात ठेव.

फाइलचं नाव तारखेनं सुरू कर, पुढे सर्वे नंबर, मग कागदाचा प्रकार: ‘2014-06-12 सर्वे 45 फेरफार’. आधी वर्ष, मग महिना असला की कागद आपोआप क्रमानं लागतात. आकडे सगळीकडे एकाच लिपीत ठेव. गावाचं नाव एकीकडे मराठीत, दुसरीकडे रोमनमध्ये लिहिलंस तर निम्मे कागद शोधात येणार नाहीत.

स्कॅन म्हणजे नुसता फोटो. आतली अक्षरं काँप्युटरला शोधता यावीत तर त्यावर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारा प्रोग्रॅम, चालव. टेसरॅक्ट नावाचा असा प्रोग्रॅम फुकट आहे, तो मराठीही वाचतो. पण आकड्यांत चुकतो, म्हणून नंबर आणि तारीख मूळ कागदाशी ताडून बघ.

जुने अर्ज कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेले असतील. पडद्यावर मराठी दिसतं, पण आत रोमन चिन्हं असतात, त्यामुळे मराठी शब्द टाकून ते सापडत नाहीत. त्यांची युनिकोड प्रत कर आणि मूळ फाइल जपून ठेव.

विंडोजचा शोध सुरुवातीला डॉक्युमेंट्ससारख्या नेहमीच्या फोल्डरांचीच सूची बनवतो. कागद डी ड्राइव्हवर असतील तर इंडेक्सिंगच्या सेटिंगमध्ये तो फोल्डर जोडून दे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. प्रत्येक सर्वे नंबरासाठी एक पान बनव. त्यावर तारीखवार लिही: जमीन कोणाच्या नावे होती, अधिसूचना कधी निघाली, मोबदला कोणाला मिळाला, नोकरीसाठी नाव कोणाचं दिलं. प्रत्येक ओळीला त्या फाइलची लिंक दे आणि शेजारी फाइलचं पूर्ण नावही लिही. फोल्डर हलवला की लिंक तुटते, नाव मात्र शोधता येतं.

सगळ्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर, दुसऱ्या घरी ठेव. अस्सल कागद कधी फेकू नको. आजच एक सर्वे नंबर घे आणि त्याचं पान पुरं कर. हक्क सांगायला उभा राहशील तेव्हा तारखेसह पुरावा हाती असला पाहिजे.